ग्रामपंचायत-नगरपालिकेत पहिला माहिती अधिकार अर्ज: काय मागायचं, कसं मागायचं आणि स्वतःची माहिती कशी जपायची

गावातल्या किंवा वॉर्डातल्या एखाद्या कामाबद्दल शंका आली की माणूस आधी सरपंचांना किंवा नगरसेवकाला विचारतो, मग कार्यालयात चार खेटे घालतो, आणि शेवटी कुणीतरी सुचवतं, "आरटीआय टाक." रागाच्या भरात अर्ज लिहिला जातो. महिनाभराने एका ओळीचं उत्तर येतं: "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही" किंवा "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देणे बंधनकारक नाही." अर्जदार वैतागून विषय सोडून देतो आणि काम जसं चाललं होतं तसंच चालू राहतं.

ज्यांनी आजवर एकही अर्ज केलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं आणि नियम महाराष्ट्रातले आहेत, कारण फी, अर्जाचा नमुना, शब्दमर्यादा या गोष्टी प्रत्येक राज्यात वेगळ्या असतात. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. कार्यालयाने काय काम केलं आणि पैसा कुठे गेला याचा कागद मागा. एखाद्या माणसाचा कागद मागायला जाऊ नका. हे पूर्वीही शहाणपणाचं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कायद्यातलं एक कलम बदललं, तेव्हापासून बऱ्याच अर्जांचा निकाल यावरच ठरतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

अर्ज करण्याआधी: तो कागद आधीच उघडा आहे का?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातलं कलम ४ नवख्यांना सहसा माहीत नसतं. कार्यालयाने कुणी न मागताच काय काय जाहीर करायचं, याची १७ बाबींची यादी कलम ४(१)(ख) मध्ये आहे. अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी, त्यांना मिळणारं मासिक वेतन, अंदाजपत्रक आणि खर्च, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या व त्यांचे लाभार्थी कोण, कुणाला परवाने आणि सवलती दिल्या, आणि जन माहिती अधिकाऱ्याचं, म्हणजे माहितीचे अर्ज घेऊन उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव-पद हे सगळं त्यात येतं. म्हणजे लाभार्थ्यांची यादी ही कुणाची खाजगी बाब नाही, ती स्वतःहून जाहीर करायची गोष्ट आहे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे अपिलात कामाला येतो.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ आधी उघडून पाहा. वित्त आयोगाच्या निधीतून कोणतं काम आराखड्यात होतं आणि कुणाला किती रक्कम अदा झाली, याच्या नोंदी तिथे घरबसल्या दिसतात. त्या पाहून अर्ज लिहिला की कामाचं नेमकं नाव, वर्ष आणि रक्कम हाताशी असते. मग "असे काम झालेच नाही" असं सांगून वेळ मारून नेता येत नाही.

दुसरा मार्ग सोमवारचा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं ठरवलं. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. छोट्या कार्यालयात या निर्णयाची कल्पना नसते, म्हणून जाताना त्याची प्रत सोबत ठेवा आणि आदल्या आठवड्यात फोन करून कोणती फाइल पाहायची आहे ते सांगून ठेवा. नवख्या माणसाला मी आधी हाच मार्ग सुचवेन. फाइल एकदा डोळ्यांखालून गेली की त्यातले कोणते चार कागद मागायचे ते कळतं. नाहीतर तीनशे पानांचं ओझं मागवून त्यातली दोनच कामाची निघतात.

आणखी एक. स्वतःचा जन्मदाखला, रहिवासी दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता आकारणीचा उतारा हवा असेल तर माहिती अधिकार वापरू नका. या सेवा आहेत, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. त्याखाली प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली असते, आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात अर्ज करता येतो, आणि मुदत टळली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं.

अर्ज कुणाच्या नावे

ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सरपंचांच्या नावे अर्ज करू नका. नगरपरिषदेत आणि महापालिकेत विभागवार वेगळे अधिकारी नेमलेले असतात: बांधकाम, पाणीपुरवठा, कर, आरोग्य. नावाचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. नसेल तर "जन माहिती अधिकारी, अमुक विभाग" एवढं लिहिलं तरी पुरतं. नावासाठी अडून बसू नका.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो फेकून देता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे तो योग्य कार्यालयाकडे ५ दिवसांत वर्ग करायचा असतो आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. "हे आमच्याकडे नाही, पंचायत समितीत जा" असं तोंडी सांगून टोलवलं तर शांतपणे हे कलम दाखवा आणि अर्जावर पोच मागा.

अर्जाचा मजकूर: सगळा जोर इथे लावा

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' या नमुन्यात करतात. २०१२ साली राज्याच्या नियमांत भर पडली: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत. दोन विषय घातले तर अधिकारी पहिल्याचंच उत्तर देऊन बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करा असं सांगू शकतो. म्हणून रस्ता, गटार आणि पाण्याची टाकी एकाच कागदावर कोंबू नका. तीन अर्ज करा.

आता मुख्य गोष्ट. हा कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केलं की कार्यालयाकडे जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यायची आहे; तुमच्यासाठी नवी माहिती तयार करायला, मत किंवा सल्ला द्यायला ते बांधील नाही. त्यामुळे "रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" याला कायद्याने उत्तर मिळत नाही. पण रस्ता का उखडला ते ज्या कागदांवरून कळेल, ते सगळे कागद मिळतात. मनातला "का" आणि "कोणी" घेऊन त्याला कागदाचं नाव द्यायचं, एवढं कसब या कामात लागतं.

रस्त्याचंच उदाहरण घेऊ. असा अर्ज नेहमी दिसतो: "आमच्या गावातील रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार झाला आहे. ठेकेदाराला बिल का दिले, कोणाच्या सांगण्यावरून दिले, दर्जा का तपासला नाही, याची संपूर्ण माहिती मिळावी." यात रस्ता कोणता, वर्ष कोणतं, कागद कोणता, काहीच नाही. आरोप मात्र आहे, आणि तो वाचून अधिकारी सावध होतो. तोच अर्ज असा लिहा:

"सन २०२४-२५ मध्ये वॉर्ड क्र. ३ मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविण्याच्या कामासंबंधी पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: १) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता व प्रशासकीय मान्यता, २) निविदा सूचना व दरांचा तुलनात्मक तक्ता, ३) कार्यारंभ आदेश, ४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, ५) गुणवत्ता चाचणी अहवाल, ६) अदा केलेली देयके व रोकड वहीतील संबंधित नोंदी, ७) काम पूर्णत्वाचा दाखला. उपरोक्त अभिलेखांत कोणाचे आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक असल्यास ते कलम १० अन्वये झाकून उर्वरित भाग द्यावा. यातील एखादा अभिलेख अस्तित्वात नसल्यास तसे क्रमांकनिहाय लेखी कळवावे."

एवढ्यात १५० शब्द होत नाहीत, आणि पळवाटही उरत नाही. शेवटचं वाक्य सोडू नका. चाचणी अहवालच नसेल तर "चाचणी अहवाल उपलब्ध नाही" हे लेखी उत्तर त्या अहवालाइतकंच मोलाचं आहे. मोजमाप पुस्तिका, म्हणजे कार्यालयात जिला एमबी म्हणतात ती, हा यातला सर्वांत महत्त्वाचा कागद. लांबी, रुंदी, जाडी यांची मोजणी तिथे लिहिलेली असते आणि देयक तिच्यावरून निघतं. पुस्तिकेत ११० मीटर लिहिलं असेल आणि टेप लावून रस्ता ८० मीटर भरला, तर पुढे कुणाला प्रश्न विचारण्याची गरजच राहत नाही.

ग्रामपंचायतीचे हिशेब ठरलेल्या नमुन्यांत ठेवले जातात, ते नंबर माहीत असले की मागणी नेमकी होते. नमुना १ अर्थसंकल्प, नमुना ५ सामान्य रोकड वही, नमुना ८ कर आकारणी नोंदवही, नमुना ९ कर मागणी नोंदवही, नमुना १२ आकस्मिक खर्चाचे प्रमाणक. मासिक सभा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तांसाठी सभेचा महिना आणि ठरावाचा विषय द्या. "गेल्या दहा वर्षांची सर्व इतिवृत्ते" असं मागितलं की कामावर ताण येतो हे कारण अधिकाऱ्याच्या हाती आपणच देतो.

माणसांची माहिती: बदललेलं कलम

आता त्या बदलाकडे. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी असं होतं की, जी वैयक्तिक माहिती कोणत्याही सार्वजनिक कामकाजाशी वा हिताशी संबंधित नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खाजगीपणावर नाहक आक्रमण होईल, ती नाकारता येते. व्यापक जनहित असेल तर तीही द्यायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, अशी पुस्ती होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आता तिथे फक्त "वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती" एवढंच उरलं आहे.

मला हा बदल नागरिकांच्या तोट्याचा वाटतो. सरकारी कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच, आणि नाव दिसलं की "वैयक्तिक" हा शिक्का मारायला आता सोपं झालं आहे. खाजगीपणाचा हक्क खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात तो मूलभूत हक्क ठरवला, आणि माझा स्वतःचा आधार क्रमांक गावभर फिरावा असं मलाही वाटणार नाही. पण ठेकेदाराला दिलेलं सरकारी देयक आणि आजारी माणसाचा वैद्यकीय कागद एका तागडीत तोलणं चूक आहे.

बदलानंतरही तीन गोष्टी शाबूत आहेत, आणि अर्ज त्यांच्यावर उभा करायचा. कलम ८(२) तसंच आहे: माहिती उघड करण्यातलं जनहित, ती दडवून जे हितसंबंध जपले जातात त्यांच्या हानीपेक्षा मोठं असेल, तर माहिती देता येते. कलम १० तसंच आहे: कागदाचा नाकारण्याजोगा भाग झाकून बाकीचा द्यायचा. आणि लाभार्थी व वेतन स्वतःहून जाहीर करायला सांगणारं कलम ४ तर आहेच.

घरकुलाच्या अर्जात हे कसं उतरतं पाहा. "अमुक व्यक्तीला घरकुल कसे मिळाले, त्याचे उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्ड व सातबारा द्या" असा अर्ज आता जवळजवळ हमखास फेटाळला जाईल, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर शेजाऱ्याचे दाखले मागणं बरंही नाही. त्याऐवजी त्या वर्षीची मंजूर लाभार्थी यादी प्राधान्यक्रमासह, ती ज्या ग्रामसभेत वाचली गेली तिचा ठराव, प्रत्येकाला दिलेले हप्ते आणि त्यांच्या तारखा, स्थळ पाहणीचा अहवाल आणि पात्रतेचे निकष मागा. सोबत स्पष्ट लिहा की आधार, खाते क्रमांक, जात आणि उत्पन्नाचे दाखले झाकून चालतील. यादीत ज्याचं नाव चाळिसावं होतं त्याला पहिला हप्ता आधी मिळाला का, हे या कागदांवरून दिसतं. त्यासाठी कुणाच्या घरात डोकवावं लागत नाही.

कर्मचाऱ्यांबाबतही असंच. वेतन किती हे जाहीर करायचंच आहे. पण सेवापुस्तक, दिलेल्या नोटिसा आणि मेमो, मालमत्ता विवरण, आयकर विवरण ही वैयक्तिक माहिती आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात, म्हणजे जुनं कलम असतानाच, म्हटलं होतं. तेव्हा मंजूर पदं किती, भरलेली किती, नेमणुकीची जाहिरात आणि गुणवत्ता यादी कोणती, हे मागा.

अर्जाचं कारण सांगण्याची सक्ती कलम ६(२) प्रमाणे नाही. तरीही माहिती माणसांशी जोडलेली असेल तर जनहिताची एक ओळ आपणहून लिहिलेली बरी: "सदर योजना सार्वजनिक निधीतून राबविली असून निवडीचा क्रम तपासण्यासाठी ही माहिती आवश्यक आहे, म्हणून कलम ८(२) चा विचार व्हावा." पुढे अपील झालं तर हा मुद्दा पहिल्या दिवसापासून मांडला होता हे दाखवता येतं.

काही वेळा ठेकेदाराला विचारूनच उत्तर देऊ असं सांगितलं जातं. ही त्रयस्थ पक्षाची पद्धत, कलम ११. अधिकाऱ्याने ५ दिवसांत त्या व्यक्तीला नोटीस द्यायची, तिला म्हणणं मांडायला १० दिवस, आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत निर्णय. त्रयस्थाने हरकत घेतली म्हणजे माहिती आपोआप बंद होत नाही. निर्णय अधिकाऱ्याने स्वतः, कारण लिहून करायचा असतो.

फी, पोच, मुदत

अर्जाची फी १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण पुरावा जोडावा लागतो. साध्या आकाराच्या प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जाची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. स्वीकारायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. पोच नसेल तर मुदतही मोजता येत नाही. महापालिका आणि काही मोठ्या कार्यालयांकडे राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून अर्ज जातो. ग्रामपंचायतीसाठी कागदाचाच भरवसा धरा.

उत्तराची मुदत ३० दिवस, आणि जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. प्रतींचे पैसे भरा असं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून पत्र येताच भरा. त्या पत्रात पानांची संख्या आणि हिशेब दिलेला असायला हवा. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा: मुदतीत न दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते.

प्रतींऐवजी फाइलचं निरीक्षणही मागता येतं. पहिला तास मोफत असतो. राज्याच्या नियमाप्रमाणे निरीक्षणाला बसताना फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, पेन अधिकाऱ्याकडे ठेवावं लागतं, हे माहीत असलं की तिथे खटका उडत नाही. फाइलच्या टिपणी भागाची पानंही पाहा. कोणत्या टेबलावर काय शेरा मारला गेला ते तिथेच असतं.

तुमची स्वतःची माहिती

अर्जदार म्हणून कायदा तुमच्याकडून संपर्कापुरतीच माहिती मागतो. आधारची झेरॉक्स जोडू नका, लागत नाही. कुणी आग्रह धरलाच तर नागरिक असल्याचा दुसरा साधा पुरावा दाखवा, प्रत देऊ नका. घरचा पत्ता द्यायची धास्ती वाटत असेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक पुरेसा आहे, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं आहे. ही धास्ती उगाच नाही. तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांवर माहिती अधिकारातून प्रश्न विचारणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. अर्ज ज्याच्या विरोधात आहे त्याच्यापर्यंत अर्जदाराचं नाव कार्यालयातूनच पोहोचतं, असा अनेकांचा अनुभव आहे. विषय जोखमीचा असेल तर एकट्याने अर्ज करू नका. चार-पाच जणांनी वेगवेगळ्या कागदांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत, किंवा दुसऱ्या गावातल्या ओळखीच्या माणसाने करावा. अर्जाला गावाची अट नाही, भारतीय नागरिक असणं पुरतं.

दुसऱ्या बाजूने, स्थानिक संस्थेकडे तुमची बरीच माहिती साठलेली असते: घरपट्टी, नळजोडणी, जन्म-मृत्यू-विवाह नोंदी, योजनेच्या अर्जासोबत दिलेली पासबुकाची पानं, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं. योजनेच्या अर्जाला आधार द्यावाच लागत असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "फक्त अमुक योजनेसाठी" आणि तारीख लिहा, म्हणजे त्या कागदाला पाय फुटले तरी तो दुसरीकडे चालवणं अवघड जातं.

स्वतःच्याच अर्जाची फाइल किंवा नोंद हवी असेल तर माहिती अधिकारात मागता येते. तेव्हा "ही माहिती माझ्या स्वतःसंबंधी आहे" असं लिहा आणि इथे मात्र ओळखपत्र दाखवायची तयारी ठेवा, कारण तुमची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये यासाठी ओळख पटवणं योग्यच आहे. डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती काय आहे ते जाणून घेण्याचा, ती दुरुस्त किंवा पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, पण ती कलमं नियम जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर दुरुस्तीसाठी जुनेच मार्ग: जन्म-मृत्यू नोंदीतली चूक निबंधकाकडे, आकारणीतली चूक ग्रामपंचायतीकडे किंवा कर विभागाकडे, पुराव्यासह लेखी अर्ज.

उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही

नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत पहिलं अपील करा. नमुना जोडपत्र 'ब', फी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ग्रामपंचायतीसाठी अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतो, नगरपरिषदेत बहुधा मुख्याधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी असतो. निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा.

अपिलात नवा प्रश्न घालू नका, तो ग्राह्य धरला जात नाही. मूळ अर्जातला प्रत्येक मुद्दा, त्यावर आलेलं उत्तर, आणि ते का अपुरं आहे, अशा तीन ओळी प्रत्येक मुद्द्याला लिहा. "वैयक्तिक" म्हणून नाकारलं असेल तर अधिकाऱ्याने कलम ८(२) आणि १० चा विचार केल्याचं उत्तरात कुठेच दिसत नाही, हे ठळक मांडा. "अभिलेख सापडत नाही" असं उत्तर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून शोध घेतल्याचं लेखी प्रतिज्ञापत्र आणि जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. हा उल्लेख आल्यावर हरवलेल्या फाइली बऱ्याचदा कपाटात सापडतात.

सुनावणीला जा. अर्ध्या प्रकरणांत "आठ दिवसांत माहिती द्या" असा आदेश तिथेच होतो, पण समोर कुणी नसेल तर "अर्जदार गैरहजर, अपील निकाली" एवढ्यावर बोळवण होते.

त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. काहीजण अपील टाळून थेट कलम १८ खाली तक्रार करतात. तसं करण्याआधी लक्षात घ्या, तक्रारीत दंड होऊ शकतो पण माहिती द्यायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवलं आहे. कागद हवा असेल तर अपिलाचाच रस्ता. आयोगाकडे प्रकरणं साचलेली असल्याने सुनावणीला बराच काळ लागतो. तोवर हात बांधून बसू नका; नाकारलेल्या अर्जातला निर्विवाद भाग काढून त्याचा छोटा, नवा अर्ज करा आणि सोमवारच्या निरीक्षणाचा मार्गही चालू ठेवा.

कागद हातात आल्यावर ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी एकदा पान-पान पाहा. कार्यालयाने झाकायचे राहून गेलेले मोबाईल नंबर, खाते क्रमांक, मजुरांच्या सह्या-अंगठे त्यांत असतात. काळ्या मार्करने खोडून त्याच पानाचा फोटो काढला तर उजेडात खालचे आकडे वाचता येतात. म्हणून खोडलेल्या पानाची आधी झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स पुढे पाठवा. प्रमाणित मूळ प्रतीवर मात्र काहीही खोडू नका. पोलीस, लेखापरीक्षक किंवा न्यायालय यांच्याकडे जायची वेळ आली तर शिक्का असलेली तीच प्रत लागते.